वावर नगण्य, वावर लक्षणीय

ज्या माणसानं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात घालवलं, त्यानं म्हातारपणी स्वतः अर्ज करायला जाऊ नये. पण हे शहाणपण त्रुटीकाकांना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी आधी त्या सांगण्यातल्या त्रुटी काढल्या असत्या.

त्रुटीकाका हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. विमा कंपनीच्या दावे विभागातून ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, की यांच्या टेबलावरून एकही दावा पहिल्या फटक्यात मंजूर होऊन गेला नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांचे दावे अडकले होते ते टाळ्या वाजवायला हजर नव्हते, म्हणून हा प्रसंग आनंदात पार पडला. पुढे नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. कॉलनीच्या सूचनाफलकावर पाणी बंद असल्याची चिठ्ठी लागली, की काका खिशातून लाल पेन काढून तिच्यावर बाण मारत आणि शेजारी 'त्रुटी' असं लिहीत. पाणी तरीही बंदच राही.

या कॉलनीच्या मागे एक उतार होता. कागदोपत्री तो कॉलनीचाच. बिल्डरनं चार इमारती उभ्या केल्या आणि पाचवी बांधायला गेला तेव्हा जमीन तिरकी असल्याचा शोध त्याला लागला. मग त्यानं मोठ्या मनानं ती रहिवाशांना 'मोकळी जागा' म्हणून बहाल केली. तिथे गुडघाभर गवत होतं, काटेरी झुडपं होती, एक डबकं, डबक्यात बेडूक, आणि मधोमध एक वाकडं झाड. झाडाचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं आणि झाडाचं त्यावाचून काही अडलेलंही नव्हतं. झाडाखाली एक सपाट दगड होता, दोन माणसं बसतील एवढा.

रोज संध्याकाळी काका आणि काकू त्या दगडावर जाऊन बसत. वरवर पाहता यात विशेष काही नाही. पण ज्यांच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली आहेत त्यांना यातली मेख कळेल. घरात दोघांचं बोलणं म्हणजे नळ बंद केलात का, कडी लावली का, आणि हा ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला. घरात माणसं दोनच असल्यामुळे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फारसं अवघड नसे, पण काकू तो रोज विचारत. दगडावर मात्र दोघं गप्पा मारत. जुन्या गोष्टी निघत, कोणाकोणाच्या नकला होत, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत. हे हसणं घरात ऐकू येत नसे. काकांना त्या हसण्याची चटक होती, आणि ही गोष्ट त्यांनी काकूंपासूनही लपवून ठेवली होती.

अशा या उतारावर दातांच्या डॉक्टरांचा डोळा गेला. डॉक्टर तळमजल्यावर राहत आणि तिथेच दवाखाना चालवत. त्यांच्याकडे गाड्या तीन आणि जागा एक. येत्या वार्षिक सभेसाठी त्यांनी ठराव टाकला, की मागचा उतार सपाट करून तिथे फरशी घालावी, म्हणजे 'सर्वांच्या' गाड्यांची सोय होईल. निम्म्या कॉलनीच्या तोंडात डॉक्टरांचे हात जाऊन आलेले असल्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. ठराव पास होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी काका दगडावर पेपर घेऊन बसले होते. शेजारी काकू शाळेतल्या नाटकाची गोष्ट सांगत होत्या. राजाचं काम करणाऱ्या मुलीची मिशी ऐन दरबाराच्या प्रवेशात सुटायला लागली, आणि समोर पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका बसलेल्या.

"मग तिनं काय केलं असेल सांगा," काकू म्हणाल्या. "एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, आणि मिशी—"

"सापडलं!" काका ओरडले.

"काय सापडलं?"

"ही बघ. सरकारची जाहिरात. 'भूसंवर्धन व मैदानी विरंगुळा अनुदान योजना.' निसर्ग राखायचा, लोकांना फिरायला सोय करायची, त्यासाठी राज्य सरकार पैसे देतं. आणि मुद्दा असा की, एकदा अनुदान मिळालं की त्या जागेवर दुसरं काही करता येत नाही. कधीच नाही! फरशी नाही, गाड्या नाहीत, दातांचे डॉक्टर नाहीत!"

"अहो, पण आहे तशी राहू दे म्हणून उभं राहून सांगा ना सभेत. त्याला सरकार कशाला मध्ये?"

"अगं, नुसतं सांगून कोण ऐकतं? कागद हवा."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मिशीची गोष्ट तिथेच राहिली.

सभेत काकांनी 'जैवविविधता' हा शब्द इतक्या वेळा वापरला, की लोक घाबरले. असला आजार आपल्या मागच्या बाजूला इतकी वर्षं होता आणि आपल्याला पत्ता नाही, असा काहींचा समज झाला. सरकारचे पैसे फुकट मिळणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांना निसर्गाचं एकदम प्रेम वाटू लागलं. डॉक्टरांनी मोठेपणा दाखवला. ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या सभेपर्यंत अनुदान आणा. नाही आणलं तर फरशी." त्यांना सरकारी कचेरीचा अनुभव असावा, कारण हे म्हणताना ते हसत होते.

अनुदानाची कचेरी एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. एकाच खोलीत दोन टेबलं समोरासमोर. एकावर 'संवर्धन' अशी पाटी, दुसऱ्यावर 'विरंगुळा'. विरंगुळ्याच्या टेबलावरचे साहेब जन्मात कधी हसले असतील असं वाटत नव्हतं. काकांनी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

"वावर किती?" संवर्धनच्या साहेबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माणसांचा वावर. जागेवर माणसं जातात का?"

"जातात की. आम्ही रोज संध्याकाळी—"

"मग नाही बसायचं. माणसं फिरली तर संवर्धन कसलं? 'वावर नगण्य' असं सोसायटीचं पत्र आणा."

काकांनी दुसऱ्या दिवशी पत्र आणलं. ते पाहून समोरच्या टेबलावरचे साहेब आणखी गंभीर झाले.

"वावर नगण्य? मग विरंगुळा कोण घेणार? बेडूक?"

"अहो, त्या साहेबांनीच सांगितलं—"

"ते त्यांचं टेबल. आमच्याकडे 'वावर लक्षणीय' लागतो. तसं पत्र आणा."

"पण तुम्ही दोघं समोरासमोरच बसता," काका कळवळून म्हणाले. "आपसात एकदा बोलून ठरवलंत तर—"

दोन्ही साहेब एकदम दचकले. "तशी पद्धत नाही," दोघं एका सुरात म्हणाले. त्यांच्यात एवढं एकमत त्या दिवशी पहिल्यांदाच झालं असावं.

म्हणून काकांनी एकाच दिवशी, एकाच पेनानं, एकाच सोसायटीच्या कागदावर दोन पत्रं तयार केली. एकात वावर नगण्य, दुसऱ्यात वावर लक्षणीय. नोकरीत असताना असली दोन पत्रं एका फायलीत सापडली असती तर त्यांनी त्या माणसाच्या सात पिढ्यांचे दावे फेटाळले असते. पण फाईल दोन्ही टेबलांवरून बिनबोभाट पुढे सरकली. ती दोन पत्रं एकमेकींना पाठ लावून फायलीत सुखानं नांदत राहिली, त्या दोन साहेबांसारखीच.

काही आठवड्यांनी फाईल परत आली. पहिल्याच पानावर लाल शाईत एक बाण होता आणि शेजारी एकच शब्द. त्रुटी.

काका खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. काकूंनी पाणी आणून दिलं. "एवढं काय झालं? तुम्हीही हेच लिहीत होतात ना लोकांना?" त्यांनी हे समजूत काढायला म्हटलं होतं, पण त्यानं समजूत निघाली नाही. पाणी पिता पिता काका बाणाकडे बघत होते. बाण सरळसुद्धा काढलेला नव्हता. आपण असा गबाळा बाण कधी काढला नाही, एवढंच समाधान त्यांना उरलं होतं.

त्रुटी अशी होती, की अर्जात 'लोकसहभाग' दिसत नव्हता. विरंगुळ्याचा आराखडा एकट्या माणसानं केलेला चालत नाही. तो लोकांनी मिळून करावा, त्यासाठी समित्या असाव्यात, आणि समित्यांची यादी जोडावी.

आता, या कॉलनीत लोकांना सहभागी करून घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. सूचना मागवल्याबरोबर त्यांचा पाऊस पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना उतारावर हास्यवर्ग हवा होता. चिटणिसांना सिमेंटचं हरीण हवं होतं, कारण त्यांच्या मेहुण्याच्या कॉलनीत सिमेंटचा जिराफ होता. निवृत्त पीटीसरांना धावपट्टी हवी होती. पीटीसर शाळेत कवायत शिकवत, त्यांना जगातली कुठलीही वाकडी गोष्ट सहन होत नसे, आणि मधलं ते झाड पाहिलं की त्यांच्या तोंडून आपोआप "सावधान!" निघे. कोणाला झोपाळा, कोणाला झऱ्यासारखं काहीतरी, आणि एका आजोबांना फक्त एवढंच हवं होतं, की वरच्या मजल्यावरच्यांना काही मिळू नये.

कोणाला नाराज करायचं नाही म्हणून काकांनी प्रत्येकाला एकेक समिती देऊन टाकली. पक्षी समिती, बाक समिती, पायवाट उपसमिती, हास्य समिती. फलक समिती तर सर्वांत कष्टाळू निघाली. फलकाचा रंग हिरवा असावा की पोपटी यावर तिच्या इतक्या बैठका झाल्या, की दोन सदस्यांचं बोलणं बंद झालं. दातांच्या डॉक्टरांनाही 'अभ्यागत वाहन व्यवस्था समिती'चं अध्यक्षपद मिळालं. निसर्ग बघायला येणारे शेवटी गाडीनंच येणार, हे त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. बघता बघता चारही इमारतींत समितीवर नाही असं माणूस उरलं नाही.

एक सोडून. "तुझं नाव कुठल्या समितीत घालू?" काकांनी विचारलं.

"मला घरातली समिती पुरे आहे," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तिच्यात सदस्य दोन आणि काम एकटीला."

एव्हाना दोघांचं दगडावर जाणं बंदच पडलं होतं. संध्याकाळ झाली की कुठलीतरी समिती दारात उभी. काका आराखड्यावर वाकलेले, काकू चहा गाळायला उभ्या. उताराला वाचवण्याच्या गडबडीत उताराकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. एकदा काकूंनी विचारलं, "आज जाऊया का वर, दगडावर?" काका म्हणाले, "आज पायवाट उपसमिती आहे." त्यावर काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी पत्र आलं. निरीक्षण अधिकारी जागेची पाहणी करायला येणार होत्या. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की जागा 'आहे त्या स्थितीत' पाहिली जाईल. सभेला थोडेच दिवस उरले होते. म्हणजे आता सगळं या एका पाहणीवर होतं. ती नीट झाली तर उतार राहील, नाही तर फरशी.

पाहणीच्या आदल्या दिवशी काका कागदांच्या प्रती काढायला बाहेर पडले. जाता जाता जिन्यात पीटीसर भेटले. आणि इथे काकांच्या तोंडून ते वाक्य गेलं. कोणाच्याही तोंडून गेलं असतं. आपल्याकडे घरी पाहुणा यायचा म्हटला की आपोआप जातं. काका म्हणाले, "उद्या बाई येणार आहेत. तेवढं जरा आवरून ठेवा."

प्रतींच्या दुकानात गर्दी होती. आधी शाई संपली, मग वीज गेली, मग दुकानदार जेवायला गेला. काका परतले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मागच्या बाजूनं धूर निघत होता.

उतार आवरलेला होता.

गवत मुळापासून उपटलेलं. झुडपं तोडून, रचून, पेटवलेली. डबकं बुजवून वरून धोपटलेलं; बेडकांचं काय झालं हे कोणी विचारू नये. वाकड्या झाडाच्या एका बाजूच्या फांद्या जास्त होत्या, त्या छाटून दोन्ही बाजू सारख्या केलेल्या, आणि झाड सरळ व्हावं म्हणून त्याला दोरीनं ताणून खुंटीला बांधलेलं. वरपासून खालपर्यंत चुन्याच्या फक्कीच्या समांतर रेघा. बाजूनं कुंड्या, कुंड्यांत प्लास्टिकची फुलं. आणि त्या सपाट दगडाला पांढरा ऑइलपेंट देऊन त्यावर फलक समितीनं, एकदाचं एकमत करून, पोपटी अक्षरांत 'सुस्वागतम' लिहिलेलं.

"कसं काय?" पीटीसर घाम पुसत म्हणाले. "अख्खी कॉलनी राबली सकाळपासून. ट्रॉल्या भरभरून कचरा काढला. ओळखू येतेय का जागा?"

जागा खरोखरच ओळखू येत नव्हती. कॉलनीनं आजवर एकत्र येऊन एकही काम धड केलं नव्हतं. गच्चीची गळतीसुद्धा वर्षानुवर्षं तशीच होती. पण नेमकं हे काम त्यांनी एका दिवसात, वादाशिवाय, मनापासून केलं होतं. रागवायचं तरी कोणावर? सगळे इतक्या आशेनं काकांच्या तोंडाकडे बघत होते, की काकांनी "छान" असं म्हटलं.

काकू वर येऊन उभ्या होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. दगडाचा रंग ओला होता.

"आता बसायचं कुठे?" त्या म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. पायात मळके बूट, खांद्याला पिशवी, आणि पुष्पगुच्छ घेण्याची अजिबात इच्छा नाही. पक्षी समितीनं तो तरीही दिला. बाईंनी एका हातात गुच्छ धरून दुसऱ्या हातानं फाईल उघडली.

"जागा कुठे आहे?"

"ही काय," काका म्हणाले.

बाईंनी फायलीतल्या फोटोकडे पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "फोटोत गवत आहे. झुडपं आहेत. पाणी आहे."

"होतं, मॅडम!" पीटीसर पुढे सरसावले. "सगळं साफ केलं. तुम्ही येणार म्हणून."

"माझ्यासाठी?"

"खास!"

बाईंनी गुच्छ पीटीसरांच्या हातात दिला. मग त्यांनी दोरीनं बांधलेल्या झाडाकडे बोट केलं. "आणि याला अटक का केलीये?"

कोणी हसलं नाही. अभ्यागत वाहन व्यवस्था समितीचे अध्यक्ष मात्र खुशीत होते. "मॅडम, आता तुम्हीच बघा," दातांचे डॉक्टर म्हणाले, "इथे संवर्धन करण्यासारखं काही उरलंय का? निम्मं सपाटीकरण तर झालंच आहे. मी म्हणतो, उरलेलं—"

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. "काका, तुम्ही अर्जदार. या फायलीत वावर नगण्यही आहे आणि लक्षणीयही आहे. जैवविविधता तर पानापानावर आहे. मला एकच सांगा. ही जागा तुम्हाला कशासाठी हवी आहे?"

काकांनी तोंड उघडलं. 'मुद्दा असा की' जिभेच्या टोकावर होतं, पण पुढे मुद्दाच येईना. सगळी कॉलनी कान टवकारून उभी. काकू मागे, कुंडीपाशी.

"आम्ही दोघं रोज इथे येऊन बसायचो," काका म्हणाले. "त्या दगडावर. आणि बोलायचो. घरात आमचं बोलणं होत नाही हो, म्हणजे होतं, पण ते टॉवेलचं होतं. इथे ती हसते. जागा गेली तर ते जाईल, म्हणून हवीये. दुसरं काही कारण नाही."

हास्य समितीच्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. एरवी बायकोला नावानं हाक मारायलाही लाजणाऱ्या माणसानं चार इमारतींच्या देखत हे बोलावं, याहून मोठी शोभा नाही. काकांचे कान लाल झाले. आपल्या अब्रूचा इतका सविस्तर पंचनामा त्यांनी दुसऱ्याच्या दाव्यातही कधी केला नव्हता.

"हे अर्जात का नाही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"रकाना नव्हता."

बाईंनी मान हलवली. त्या काही विरघळल्या वगैरे नाहीत. सरकारी नोकरीत विरघळून चालत नाही. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि उभ्या उभ्या लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

निसर्गसंपन्न जागा म्हणून हा अर्ज नामंजूर होत होता. परंतु याच योजनेत 'मानवी हस्तक्षेपाने ऱ्हास पावलेली जमीन' असा आणखी एक प्रकार होता, आणि त्याला प्राधान्य होतं. "इतका संपूर्ण ऱ्हास," बाई म्हणाल्या, "माझ्या नोकरीत मी पाहिलेला नाही. लोकांना याला वर्षं लागतात. तुम्हाला पैकीच्या पैकी गुण देतेय."

अशा रीतीनं कॉलनीला अनुदान मिळालं. पीटीसरांनी ते स्वतःचं यश मानलं आणि अजूनही मानतात. दातांच्या डॉक्टरांचा ठराव सभेत बारगळला, कारण आता त्या जागेवर फरशी घातली असती तर सरकारनंच त्यांचे दात पाडले असते. सभेत काकांच्या अभिनंदनाचा ठराव आला आणि टाळ्या पडल्या. काकांना वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग अटींचं पत्र आलं.

जागेला तारेचं कुंपण घालावं. गवत, झुडपं, पाणी आपोआप परत येईपर्यंत आत कोणीही पाऊल ठेवू नये. रहिवासी नाही, समिती नाही, अर्जदार तर मुळीच नाही. विरंगुळ्यासाठी कुंपणाबाहेर एक बाक ठेवावा. बाक समितीनं तो तत्परतेनं ठेवला, पण बसणाऱ्याचं तोंड इमारतींकडे येईल असा, कारण उताराकडे बघण्यासारखं काही नाही असं समितीचं मत पडलं. संध्याकाळी काका त्या बाकावर बसत. समोर डॉक्टरांच्या गाड्या दिसत, पाठीमागे तार. काकू एकदाच येऊन बसल्या. वरच्या सगळ्या बाल्कन्यांतून लोक कौतुकानं बघायला लागले, 'ती बघा, दोघं बोलतायत', तशा त्या उठून गेल्या. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती सोडून काकांनी बाकी सगळं मिळवलं होतं. त्यांना एकदा त्या बाकावर रडूही आलं, पण समोर तिसऱ्या मजल्यावर माणसं असल्यामुळे त्यांनी ते शिंकेत घालवलं.

पत्रात एक शेवटची अट होती. आत काय उगवतंय ते बघायला एक निरीक्षक नेमावा, त्याच्याकडे फाटकाची किल्ली असेल. मात्र तो कुठल्याही समितीचा सदस्य नसावा.

कॉलनीनं यादी पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येक जण कशाचा ना कशाचा सदस्य होता. वरच्या मजल्यावरच्यांना काही मिळू नये म्हणणारे आजोबासुद्धा फलक समितीत होते. शेवटी चिटणिसांनीच दबक्या आवाजात एक नाव सुचवलं. काकांनी कचेरीत फोन करून विचारलं, अर्जदाराची पत्नी चालेल का? संवर्धनच्या साहेबांनी नियम पाहिले. पत्नीबद्दल नियमांत काहीच नव्हतं. नियम करणारा अविवाहित असावा.

किल्ली काकूंकडे आली. त्या रोज संध्याकाळी कुलूप काढून आत जात आणि काका तारेबाहेर उभे राहत.

"काय उगवलंय?"

"बघतेय."

"झाडाची दोरी सोडलीस का?"

"पहिल्याच दिवशी."

"दगडाचा रंग?"

"पोपडे निघतायत. तारेला हात लावू नका, दंड आहे."

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी काकू कचेरीतून आलेला एक कागद घेऊन आल्या आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. निरीक्षकाला गरज वाटल्यास एक मदतनीस सोबत नेता येत होता, आणि तो कोण नसावा याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. काकूंनी कागद भरलेला होता. मदतनिसाचं नाव: काकांचं. नातं: पती. त्याखाली 'कुशल' आणि 'अकुशल' अशा दोन चौकटी होत्या. खूण दुसऱ्या चौकटीत होती.

काकांनी चष्मा लावला. दावे विभागात त्यांच्या हाताखाली माणसं होती, अनुदान त्यांनी आणलं होतं, अभिनंदनाचा ठराव त्यांच्या नावाचा होता. अकुशल! त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. हात सवयीनं लाल पेनाकडे गेला.

"कुशल म्हणून का नाही लिहिलंस?"

"कुशलला प्रमाणपत्र लागतं," काकू चपला घालता घालता म्हणाल्या. "आहे का तुमच्याकडे, गप्प बसून ऐकता येत असल्याचं?"

काकांनी लाल पेन खिशात ठेवलं. निळं काढलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काही न वाचता सही केली.

फाटकातून आत जाताना त्यांनी पाय जपून टाकले. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या आणि पीटीसरांना न जुमानता त्यांच्यावरून जागोजाग कोवळं गवत वर आलं होतं. झाड पुन्हा एका बाजूला कलायला लागलं होतं. दगडावरचा रंग खरवडून गेला होता, 'सु' तेवढा शिल्लक होता. काकू त्याच्यावर बसल्या आणि सरकून जागा केली. काका बसले. इथून इमारती दिसत नव्हत्या.

काकांनी गवताला धक्का न लावता पाय लांब केले. मग काका म्हणाले, "मिशीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या मिशीचं?"

"राजाच्या. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, आणि मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आताच त्यांना हसू यायला लागलं होतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "तर मग," त्या म्हणाल्या, "तिनं काय केलं असेल सांगा."

काकांना उत्तर सुचलं होतं, पण ते गप्प बसले. मदतनिसानं मध्ये बोलायचं नसतं.